आजीचं लंडनचं तिकीट



आज भिंतीवरचा नकाशा नको, पृथ्वीगोल घ्या. शाळेत असेलच एखादा, कपाटावर धूळ खात बसलेला! एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर ठेवा आणि दोरा ताणून धरा. आता पाहा गंमत. नकाशावर पट्टीने रेघ मारली तर ती इराकवरून जाते. गोलावरचा दोरा मात्र वर सरकतो आणि पाकिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा काठ, युक्रेन असा जातो. हाच सर्वांत जवळचा रस्ता, सुमारे ७,२०० किलोमीटरचा.

पण जवळचा रस्ता नेहमी मोकळा असतो असं नाही. २०२२ साली युद्ध सुरू झालं आणि युक्रेनचं आकाश विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. मग वळसा आला. वळसा आला की इंधन जास्त, वेळ जास्त. हे सगळं शेवटी तिकिटावर येतं, बरं का.

ही तिकिटाची गोष्ट आमच्या वर्गात आली ती सातवीतल्या एका मुलीमुळे. तिची आत्या लंडनला असते. आजीने लेकीला सहा वर्षांत पाहिलेलं नाही. घरात हळूहळू १ लाख ७० हजार रुपये जमले होते. आजी, बाबा आणि ही, असे तिघांनी जायचं ठरत होतं. मी म्हटलं, चला, सगळा वर्गच हिशोबाला बसू या.

पहिला प्रश्न, जायचं कधी? मे महिन्यात आपल्याकडे सुट्टी, म्हणून गर्दी. जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये तिकडे शाळांना सुट्टी, म्हणून गर्दी. डिसेंबरात नाताळ. जेव्हा सगळे निघतात तेव्हा तिकीट महाग. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे दिलेले असतात, कारण स्वस्त जागा थोड्याच ठेवलेल्या असतात आणि त्या आधी संपतात. दिवाळी उलटल्यावर नोव्हेंबरात भाव बहुधा उतरतात. मात्र त्याचीही किंमत असतेच! जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यावर दुपारी चारच्या सुमारास. वर थंडी. आजीला स्वेटर दोन लागणार.

दुसरा प्रश्न, सरळ जायचं की मध्ये विमान बदलायचं? आम्ही फळ्यावर सोपे आकडे धरले. समजा, जाऊन-येऊन सरळ विमानाचं तिकीट ६४,००० आणि वाटेत बदलायचं ५२,०००. वर्ग ओरडला, "बाई, बावन्नवालं!" थांबा जरा. त्या स्वस्त तिकिटात मोठी बॅग धरलेली नाही. जाताना ४,५००, येताना ४,५००. झाले ६१,०००. मधल्या विमानतळावर जाताना ९ तास आणि येताना ९ तास बसायचं. त्या वेळचं खाणंपिणं दीड हजार धरा. झाले ६२,५००. म्हणजे १८ तास खुर्चीवर बसून वाचले किती? दीड हजार! आजीचे गुडघे दुखतात. मुलीने लगेच सरळ विमानावर खूण केली. (चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवायची. विमान कंपन्या तिचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत.)

दरवेळी असंच उत्तर येईल असं मात्र समजू नका. फरक वीस हजारांचा असेल आणि गुडघे तुमच्यासारखे असतील, तर विमान बदला की! फक्त दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. दोन वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. कोणी विचारत नाही. शिवाय बॅग बाहेर जाऊन घ्यावी लागली तर त्या देशाचाही व्हिसा लागू शकतो. युरोपातल्या काही विमानतळांवर तर नुसतं विमान बदलायलाही वेगळी परवानगी लागते.

आता वयाचं. प्रवासाच्या दिवशी १२ वर्षं पूर्ण असतील तर तिकीट मोठ्या माणसाचं. व्हिसाचं शुल्क तर मुलांनाही मोठ्यांएवढंच, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. म्हणून आधी व्हिसा, मग तिकीट. एक सूट मात्र आहे. लंडनहून निघताना ब्रिटिश सरकार विमानप्रवासावर कर घेतं, तो साध्या वर्गात बसणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना नाही.

तिघांची बेरीज फळ्यावर मांडली. नुसती तिकिटंच १ लाख ९२ हजार. दोघांची १ लाख २८ हजार, आणि उरलेल्या पैशांत व्हिसा बसत होता. वर्ग गप्प झाला. त्या मुलीने तिसऱ्या ओळीतलं स्वतःचं नाव डस्टरने पुसलं आणि म्हणाली, "बाई, आता आजीने काय बघायचं ते लिहू या."

मग लिहायला काय तोटा! लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम यांना प्रवेश फुकट आहे, फक्त खास प्रदर्शनांना तिकीट पडतं. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मोठ्या दालनात छताखाली निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, २५ मीटर लांब! शेजारच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. तो एका गोऱ्या शिपायावर बसलाय आणि त्याच्या पोटात चक्क बाजा आहे. हेही फुकट.

यादीत पहिलं नाव मात्र मुलांनी दुसरंच घातलं: १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर घेतलं. आता तिथे स्मारक आहे. बाबासाहेब पहिल्यांदा १९१६ साली लंडनला शिकायला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने निघाली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणबुडीने बुडवली. पुस्तकं गेली. पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

हे ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, "बाई, आजीचे कागद आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगा." तेही यादीत गेलं.

आता तुमच्यासाठी गणित. नोव्हेंबरात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, जूनमध्ये साडेचार तास. आजीचं विमान नोव्हेंबरात मुंबईहून रात्री २ वाजता निघालं आणि लंडनच्या घड्याळात सकाळी ७ वाजता उतरलं, तर आजी किती तास हवेत होती? आणि जूनमध्ये याच वेळा असत्या तर? उत्तर पुढच्या अंकात.