आवाज पार्सलने येत नाही

सेमी-हॉलो गिटार घेतली की आठवडाभरात कोणीतरी सांगतंच, "बॉडी मस्त आहे रे, पण पिकअप कचरा. बदलून टाक." सांगणाऱ्याने बऱ्याचदा ती गिटार हातातही घेतलेली नसते. तरी आपण परदेशी पिकअपचा सेट कार्टमध्ये टाकतो आणि हप्ते पाडून घेतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे : पिकअप हा या गिटारवरचा शेवटचा खर्च असायला हवा. तो पहिला झालाय, कारण खोक्यात भरून विकायला तोच सोपा.

ही भक्ती सुरू कुठून झाली ते बघू. गिब्सनने १९५८ मध्ये ईएस-३३५ आणली. दोन्ही बाजू पोकळ, मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात फीडबॅकने किंचाळायची, त्यावर हा तोडगा. तिच्यातले हमबकर सेथ लव्हर या इंजिनिअरचे. पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ ला. म्हणून त्या काळच्या पिकअपच्या बुडाशी 'पेटंट अप्लाइड फॉर' असं लेबल असायचं. तेच आजचे पूजनीय 'पीएएफ'.

आता त्यातली जादू ऐका. प्रत्येक कॉइलवर साधारण ५,००० वेढे अपेक्षित, पण मोजणी ढिली, त्यामुळे वेढे कमीजास्त. चुंबकही कायम एकाच प्रतीचे नसत. म्हणजे एक पीएएफ दुसऱ्यासारखा वाजेलच याची खात्री नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे एकाच व्हर्जनच्या दोन कॉपी वेगळ्या वागल्या तर बग नोंदवतात. इथे मात्र त्याची 'हुबेहूब प्रतिकृती' विकतात. हुबेहूब कुठल्या पीएएफची, हे कोणी विचारत नाही.

शिवाय पिकअप एकटा वाजतच नाही. कॉइल, पॉट आणि केबल मिळून एक सर्किट होतं. हमबकरचं इंडक्टन्स ४.५ हेन्री आणि त्याची स्वतःची कपॅसिटन्स १०० पिकोफॅराड धरा. केबल मीटरमागे साधारण १०० पिकोफॅराडची भर घालते. गणित करा : सहा मीटर केबलवर रेझोनन्स येतो २.८ किलोहर्ट्झच्या आसपास, तीन मीटरवर पावणेचारच्या आसपास. केबल अर्धी केली आणि वरचे स्वर उघडले! पॉटचंही तसंच. ५०० किलो-ओहम छापलेल्या पॉटला २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे हातात ४०० चाही येऊ शकतो, आणि मग आवाज आणखी मऊ होतो. 'आवाज दबलाय' म्हणून पिकअपला फाशी देण्याआधी मल्टिमीटर लावून बघितला का?

हार्डवेअरची गोष्ट याहून मजेशीर. सूर टिकत नाही, म्हणून लोक महागडे ट्यूनर आणतात. पण पुष्कळदा दोषी असते ती नटवरची खाच. ट्यूनर फिरवताना 'टिंग' असा आवाज आला की समजा, तार खाचेत अडकतेय. बारीक कानशीचे चार हात आणि थोडं ग्रॅफाइट, एवढं औषध पुरतं. आपल्याकडे हे नवीन नाही. तंबोरा बोलत नसेल तर मिरजेचा कारागीर घोडी घासून जवारी काढतो, दोरा केसभर सरकवतो. तार जिथे टेकते तिथे आवाज घडतो, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना ठाऊक होतं.

माझ्या स्वस्तातल्या सेमी-हॉलोवर मी मूळ पिकअप ठेवले. नट हाडाचा करून घेतला, चारही पॉट मोजून बदलून घेतले, पिकअपची उंची स्क्रू-ड्रायव्हरने जुळवली. पॉट बदलणं म्हणजे काय खटाटोप असतो ते बघण्यासारखं आहे. या गिटारला मागे झाकण नसतं. सगळी वायरिंग एफ-होलमधून बाहेर काढायची आणि प्रत्येक पॉटला दोरा बांधून पुन्हा त्याच्या भोकापर्यंत ओढत न्यायची. पुण्यातल्या माझ्या कारागिराची पूर्ण दुपार त्यात गेली. आणि मला खरा राग इथेच येतो : पिकअपच्या खोक्यावरची किंमत आपण एक शब्द न बोलता भरतो, आणि या दुपारच्या मजुरीवर दोनशे रुपये कमी करा म्हणून घासाघीस करतो. सामान परवडतं, हात परवडत नाहीत. असंच चाललं तर उद्या सामान घरी पडून राहील आणि बसवणारा मिळणार नाही.

मग पिकअप बदलूच नयेत का? बदला की. कॉइल मेली असेल तर बदला. मेण न भरलेला पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारत असेल तर आधी त्यात मेण भरून घ्या, तरी भागलं नाही तर बदला. सगळं जुळवूनही कानाला नेमकं काय कमी पडतंय हे सांगता येत असेल तरीही बदला. पण बी. बी. किंगने फीडबॅक थांबवायला एफ-होलमध्ये कापड कोंबलं होतं, हेही लक्षात ठेवा. गिब्सनने एफ-होल नसलेली 'ल्युसिल' काढली ती १९८० मध्ये. तोवर ते कापडावर वाजवत होते, आणि जग ऐकत होतं.

कार्टमधला सेट महिनाभर तिथेच राहू द्या. त्या पैशातला थोडा भाग घेऊन जवळच्या कारागिराकडे जा, सेटअप करून घ्या, आणि तो सांगेल ती मजुरी द्या.