वांगं पारखून, डॉक्टर ऐकून!

आमचा खानदेशी माणूस भरताचं वांगं घेताना ते बामणोदचंच आहे ना, हे चारदा विचारतो, हातात तोलतो, देठ बघतो. आणि कानाचा डॉक्टर? तो मेव्हण्याने सांगितला की पसंत! नाही तर बाहेर चपला किती, यावर. अहो, चपला मोजून देऊळ निवडावं, दवाखाना नव्हे!

पाटीवर एम.एस. किंवा डी.एल.ओ. आहे का, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का, कानात दिवा लावून पाहिलं की न बघताच थेंब दिले, हे विचारण्यात कसला आलाय उद्धटपणा? धुळ्यात आधीपासून आणि जळगावात २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तिथे केसपेपर काढायला आमची प्रतिष्ठा आड येते!

बरं, ही चैन परवडते तरी का? एक कान अचानक ऐकेनासा झाला, तर पहिले दिवसच मोलाचे. पंधरवडा उलटला की औषधाचा गुण घटत जातो. तो पंधरवडा आम्ही कोमट तेलात आणि मेव्हण्याच्या सल्ल्यात घालवतो. पुढे टी.व्ही.चा आवाज वाढतो आणि दोष जातो वयाला!