मृतांना मारण्याची सवलत : झॉम्बीकथेतील नायकत्वाचा प्रश्न

झॉम्बीकथेविषयी गांभीर्याने लिहिणाऱ्या समीक्षेत दोन मते इतकी रुळली आहेत की त्यांना सहसा कोणी हटकत नाही. पहिले मत असे, की झॉम्बी हे एक प्रतीक आहे : भोगवादाचे, साथीच्या रोगाचे, परक्याविषयीच्या भयाचे अथवा भांडवली श्रमाचे. दुसरे मत असे, की या कथाप्रकारातील नायक 'माणूस' वाटावा यासाठी लेखकाने त्याला एखादी जखम द्यावी. गमावलेली पत्नी, हरवलेले मूल, रात्रीची झोप उडवणारी एखादी जुनी चूक. वरवर पाहता या दोन मतांचा परस्परांशी काही संबंध नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की दोन्ही मते एकाच गोष्टीवर पांघरूण घालतात. आणि ती गोष्ट म्हणजे या कथाप्रकाराने आपल्या नायकाला आधीच देऊन ठेवलेली हिंसेची सवलत.

या सवलतीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. युद्धकथेतील नायकाला निदान एवढे ठाऊक असते की ज्याला आपण मारतो तो जिवंत आहे. झॉम्बीकथेत समोरचा आधीच मेलेला असतो. तेव्हा त्याला मारणे हे मारणेच नव्हे. वस्तुतः हा एक नैतिक निर्णय आहे. परंतु कथेत तो निर्णय म्हणून येत नाही, वस्तुस्थिती म्हणून येतो. नायकाने तो घेतलेला नसतो, म्हणून त्याचे उत्तरदायित्वही त्याच्यावर पडत नाही. त्याचे सगळे द्वंद्व मग उरलेल्या जिवंतांपुरते शिल्लक राहते : कोणाला दार उघडायचे, कोणाला मागे सोडायचे, शेवटचे काडतूस कोणासाठी ठेवायचे. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. पण ते कोणत्याही साहसकथेचे प्रश्न आहेत. झॉम्बीकथेचा स्वतःचा प्रश्न त्यांत येतच नाही.

या कल्पनेचा इतिहास पाहिला तर ही सवलत किती उशिरा आली हे ध्यानात येते. झॉम्बी ही हैतीची कल्पना. उसाच्या मळ्यांवर राबलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी ती जपली. तेथे झॉम्बी म्हणजे इच्छाशक्ती हिरावून घेऊन राबवले जाणारे शरीर. भीती त्याची नव्हती, आपण तसे होऊ याची होती. मेल्यावरही मळ्यातून सुटका नाही, याची होती. अमेरिकेने १९१५ ते १९३४ या काळात हैती लष्करी ताब्यात ठेवली, आणि त्याच काळात विल्यम सीब्रुक यांचे 'द मॅजिक आयलंड' (१९२९) हे पुस्तक व 'व्हाइट झॉम्बी' (१९३२) हा चित्रपट यांच्या द्वारे ही कल्पना अमेरिकी वाचक-प्रेक्षकांपर्यंत पोचली. त्या चित्रपटातही झॉम्बी साखरेच्या गिरणीत राबतात आणि त्यांना एक मालक असतो. पुढे मालक गळाला, मळा गळाला. जो बळी होता तोच धोका ठरला. मानवी नायक घडवायचा तर या गाळलेल्या जागेची काही तरी स्मृती त्याच्या ठायी असावी लागते.

रिचर्ड मॅथेसन यांच्या 'आय ॲम लेजंड' (१९५४) या कादंबरीत ती आहे. त्यातील रोगग्रस्त रूढ अर्थाने झॉम्बी नव्हेत, रक्तपिपासू आहेत. तरीही रोमेरो यांनी ज्या कृतीपासून प्रेरणा घेतली ती हीच. नायक रॉबर्ट नेव्हिल रात्री घरात कोंडून घेतो आणि दिवसा घरोघर जाऊन झोपलेल्यांच्या छातीत खुंट्या ठोकतो. त्याच्याकडे जखमही आहे : पत्नीला जाळण्याऐवजी त्याने पुरले आणि ती परतली. मॅथेसन मात्र या जखमेच्या जोरावर त्याला मोठेपण देत नाहीत. अखेरीस नेव्हिलला कळते, की रोगासह जगायला शिकलेल्यांचा एक नवा समाज उभा राहतो आहे आणि आपण मृतांबरोबर त्या जिवंतांनाही मारत आलो. त्या समाजाच्या दृष्टीने दिवसा येऊन झोपेत ठार करणारा राक्षस तोच. येथे सवलत काढून घेतली जाते, तीही मागील तारखेपासून. २००७ साली याच कादंबरीवरून निघालेल्या, चित्रपटगृहांत दाखवल्या गेलेल्या चित्रपटात नेव्हिल उपचाराचे द्रव्य दुसऱ्यांच्या हाती सोपवून स्वतः प्राणार्पण करतो. शीर्षक तेच; अर्थ उलटला. कादंबरीत दंतकथा म्हणजे दहशत, चित्रपटात दंतकथा म्हणजे तारणहार. हुतात्म्याला कोणी जाब विचारत नाही, ही सोय येथे लक्षात घ्यावी.

जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मधील बेन हा तर आत्मपीडेपासून पूर्णतः मुक्त आहे. त्याला पूर्वायुष्याची ओझी नाहीत. तो ठाम आहे, कार्यक्षम आहे आणि एका मुद्द्यावर सपशेल चुकलेला आहे : तळघराला त्याने हिरीरीने विरोध केला आणि शेवटी त्याच तळघरात तो वाचला. सकाळी मदतीला आलेली सशस्त्र टोळी दुरूनच त्याला मृतांपैकी एक समजते आणि गोळी घालते. ही भूमिका ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली आहे, त्यामुळे त्या गोळीचा अर्थ अमेरिकेत कोणाला समजावून सांगावा लागला नाही. रात्रभर बेनने जी सवलत वापरली तिचाच तो सकाळी बळी ठरतो. कोण मेलेला आहे हे ठरवण्याचा अधिकार बंदूक धरणाऱ्याकडे असतो, एवढेच या कृतीचे म्हणणे आहे आणि ते पुरेसे आहे.

आता प्रतीकवादी समीक्षेकडे वळू. रोमेरो यांच्याच 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) मधील विक्रीसंकुलात भटकणारे मृत हे ग्राहकसंस्कृतीचे रूप आहे, हे वाचन चूक नाही. चित्रपटच ते सुचवतो. परंतु प्रतीकाला वेदना नसते आणि प्रतीकाचे कोणी नातलग नसते. समोरच्या देहाला 'उपभोग' असे नाव दिले की त्याच्या कवटीत घातलेली गोळी ही व्यवस्थेची चिकित्सा होते. अशा रीतीने समीक्षक नायकाच्या शेजारी उभा राहून तीच सवलत दुसऱ्यांदा बजावून घेतो. ज्या परक्याच्या अवमूल्यनाविषयी तो चिंता व्यक्त करतो, त्याचे अवमूल्यन त्याच्या वाचनपद्धतीतच झालेले असते.

'द वॉकिंग डेड' ही रॉबर्ट कर्कमन यांची चित्रकथामाला (२००३–२०१९) आणि तिच्यावरून निघालेली दूरचित्रवाणी मालिका (२०१०–२०२२) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मालिकेच्या पहिल्याच भागात नायक रिक ग्राइम्स कमरेखालचे शरीर उरले नसलेल्या एका मृत स्त्रीकडे मुद्दाम परत जातो, तिची क्षमा मागतो आणि मग गोळी झाडतो. त्याच वेळी मॉर्गन नावाचा दुसरा एक माणूस खिडकीतून स्वतःच्या मृत पत्नीवर नेम धरून बसला आहे आणि त्याला चाप ओढवत नाही. मानवी द्वंद्व रिकच्या दिलगिरीत नाही, मॉर्गनच्या अडलेल्या बोटात आहे. पुढे हर्शल हा शेतकरी आपल्या मृत आप्तांना आजारी समजून कोठारात ठेवतो, तेव्हा कथेने स्वतःच आपल्या गृहीतकावर बोट ठेवलेले असते. परंतु कोठार उघडले जाते, सगळ्यांना गोळ्या घातल्या जातात, आणि हर्शललाच आपला मूर्खपणा कबूल करावा लागतो. प्रश्न विचारणाऱ्याला भाबडे ठरवले की प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही.

आपल्या काव्यशास्त्रात या अडचणीला एक नेमका निर्देश सापडतो. वीर आणि भयानक हे परस्परविरोधी रस. ते एकाच आश्रयात आल्यास विरोध होतो. म्हणून 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने त्यांचे आश्रय वेगळे करण्यास सांगितले : वीर नायकात ठेवावा, भय प्रतिपक्षात. झॉम्बीकथेत हा उपाय चालत नाही, कारण येथील प्रतिपक्षाला भय वाटू शकत नाही. भय नायकाकडेच राहते. शिवाय समोरचा देह आईचा किंवा शेजाऱ्याचा असेल तर जुगुप्सा आणि शोक हे दोन स्थायी एकाच क्षणी, एकाच व्यक्तीविषयी जागे होतात. हा विरोध मिटवणे म्हणजे नायक मोडणे. बहुतेक लेखक शोक पूर्वकथेत ढकलतात आणि वर्तमानात केवळ जुगुप्सा ठेवतात. त्यालाच आपण 'जखमी नायक' म्हणून गौरवतो.

कोल्सन व्हाइटहेड यांच्या 'झोन वन' (२०११) या कादंबरीने हा विरोध मिटवलेला नाही. मॅनहटनचा दक्षिण भाग पुन्हा वसवण्यासाठी तो साफ करणाऱ्या तुकड्यांपैकी एकीत मार्क स्पिट्झ काम करतो. त्याचे वैशिष्ट्य एकच : तो सर्व बाबतींत मध्यम आहे. त्याच्यासमोर हल्ला करणारे मृत आहेत, तसेच पूर्वायुष्यातील एखाद्या जागी निश्चल उभे राहिलेले मृतही आहेत. कोणी यंत्रापाशी, कोणी कचेरीत. त्यांच्यापासून उपद्रव नाही, म्हणून स्वसंरक्षणाची सबबही नाही. उरते ते काम, आणि काम सांगणारे सरकार. मालक कथेत परत आला आहे. फरक इतकाच, की आता तो नायकाचा मालक आहे. आणि व्हाइटहेड सोपी करुणाही पुरवीत नाहीत : अशाच एका निश्चल बाईच्या हाती गमतीने हात देणाऱ्या सहकाऱ्याला ती चावते. दया दाखवावी की नाही, याचे उत्तर कादंबरी देत नाही. त्या प्रश्नातून नायकाला बाहेर मात्र पडू देत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की रंजनपर कथाप्रकाराकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण वर घेतलेल्या कृती रंजनपरच आहेत; त्यांनी ही अपेक्षा स्वतःहून पुरी केली. कमी अपेक्षा ठेवणे हा औदार्याचा आविष्कार नव्हे, तो तुच्छतेचा सभ्य प्रकार आहे.

आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली' (२०२२) या चित्रपटाने हा प्रकार विनोदाच्या अंगाने का होईना, डोंबिवलीपर्यंत आणला आहे. उद्या मराठीत कोणी या प्रकारची गंभीर कादंबरी लिहील आणि आम्ही अध्यापक तिच्यातील झॉम्बी 'कशाचे प्रतीक' हे विद्यार्थ्यांना विचारू. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. हा मेलेला आहे हे कोणी ठरवले? ते ठरवण्यात नायकाचा लाभ कोणता? आणि तो निर्णय चुकीचा निघाला तर सोसायचे कोणाला? ज्या कथेत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नायकाला' असे येत नाही, तिच्या नायकाने कितीही अश्रू ढाळोत, त्याला मानवी म्हणण्याची घाई आपण करू नये.