आराखड्याआधी करारनामा

गोव्यात घर बांधावयास निघालेला गृहस्थ भटजींना मुहूर्त विचारतो, विहिरीसाठी पाणाड्याला बोलावून आणतो, चिऱ्यांचा भाव चार ठिकाणी काढतो आणि कंत्राटदाराला विसार देताना दोन माणसे साक्षीला ठेवतो. मात्र ज्याच्या कागदावरील रेषांबरहुकूम हे सारे चिरे रचले जावयाचे असतात, त्या वास्तुविशारदाशी त्याचा व्यवहार ठरतो तो बहुधा एखाद्या लग्नाच्या मांडवात वा ओळखीच्या ओळखीतून, आणि तोही तोंडी. मेहनतान्याचा प्रश्न निघालाच, तर "ते मागाहून पाहू, तुम्ही काय परके आहात?" एवढ्यावर तो मिटतो. मिटतो म्हणजे पुढे ढकलला जातो. या 'मागाहून'पायी जोत्यापर्यंत आलेली घरे आणि वर्षानुवर्षांची मैत्री मोडल्याचे आपण आसपास पाहतो, तरीही ही सवय काही सुटत नाही.

भांडणाचे स्वरूप ठरलेले असते. वास्तुविशारद चार वेळा नकाशे बदलून देतो, नगरनियोजन खात्याच्या आणि पंचायतीच्या पायऱ्या झिजवून परवाना मिळवितो. परवाना हाती पडताच मालकाला वाटू लागते की, याचे काम संपले, पुढचे मेस्त्री पाहील. निम्मा मेहनताना तेथेच बुडतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आगाऊ रक्कम देऊन बसलेल्या मालकाला तपशीलवार नकाशे वेळेवर मिळत नाहीत, स्लॅब घालण्याच्या दिवशी वास्तुविशारदाचा पत्ता नसतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात गळती लागली की, "देखरेख माझ्याकडे नव्हती" असे उत्तर मिळते. गंमत अशी की, दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत असतात; काय ठरले होते हे कोणीच लिहून ठेवलेले नसते.

तोंडी करार म्हणजे करारच नव्हे, असा एक समज लोकांत रूढ आहे. तो चुकीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने अशा करारालाही मान्यता दिली आहे. इतकेच नव्हे, तर फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि त्याचा लाभ त्या दुसऱ्याने घेतला, तर भरपाई द्यावी लागते, असे त्याच अधिनियमाचे ७० वे कलम सांगते. अडचण हक्काची नाही, पुराव्याची आहे. शिवाय थकलेल्या पैशांसाठी दिवाणी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची; आपल्या माणसाकडे तगादा कसा लावावा, या भिडेपोटी ती केव्हा उलटून जाते हे वास्तुविशारदाच्या ध्यानातही येत नाही. कागद केला, पण मुद्रांकाचे चार पैसे वाचविले, असेही घडते. योग्य मुद्रांक नसलेला करारनामा शुल्क व दंड भरल्याखेरीज पुराव्यात वाचला जात नाही, हे त्यांनी लक्षात ठेवावे.

करारात काय असावे याचे शास्त्र फार अवघड नाही. पण दोन गोष्टींचा खल येथे केला पाहिजे. पहिली मेहनतान्याची. बांधकामाच्या खर्चावर टक्केवारी घेण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. परंतु खर्च कोणता? अंदाजपत्रकातला, की शेवटी प्रत्यक्ष झालेला? सिमेंट-लोखंडाचे भाव चढले, किंवा मालकाच्या चिरंजीवांना ऐनवेळी इटालियन फरशी आवडली, तर मेहनतानाही चढावयाचा काय? खर्च वाढला की ज्याची मिळकत वाढते, त्यानेच खर्चावर लगाम ठेवावा, अशी ही रचना असून ती मूळचीच संशयाला जागा देणारी आहे. आमच्या मते मंजूर अंदाजपत्रकाचा आकडा करारात गोठवावा, मेहनताना कामाच्या टप्प्यांवर वाटून द्यावा आणि मंजुरीनंतर मालकाने सुचविलेल्या बदलांचा वेगळा दर आधीच लिहावा.

दुसरी गोष्ट देखरेखीची. हा एक शब्द आजवर अनेकांना महागात पडला आहे. मालक समजतो की, वास्तुविशारद रोज कामावर उभा राहून गवंड्याच्या थापीकडे पाहणार. या व्यवसायाच्या सर्वसाधारण अटींत मात्र त्याच्याकडे ठरावीक टप्प्यांवरची तपासणी असते. रोजच्या देखरेखीसाठी मालकाने वेगळा पर्यवेक्षक नेमावयाचा असतो. हे मालकाला कोणी सांगत नाही, आणि पर्यवेक्षकाचा पगार वाचतो म्हणून तोही विचारीत नाही. पाया खोदल्यावर, लोखंड बांधल्यावर, स्लॅबच्या दिवशी, गिलाव्यापूर्वी अशा किती भेटी होतील आणि प्रत्येक भेटीची टिपणे कोठे ठेवली जातील, हे करारात लिहिले तर पुढचे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

लेखी कराराची निकड आता पूर्वीपेक्षा अधिक आहे, आणि तिला एक विशेष कारण आहे. १९७२ चा वास्तुविशारद अधिनियम झाल्यापासून हा व्यवसाय केवळ नोंदणीकृत व्यक्तीच करू शकते, अशी पुष्कळांची समजूत होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दूर केली. त्या अधिनियमाने 'आर्किटेक्ट' या उपाधीला संरक्षण दिले आहे; इमारतींचे आराखडे करण्याच्या कामावर नोंदणी नसलेल्यांना बंदी घातलेली नाही, असा तो निर्णय आहे. परवान्याच्या अर्जावर कोणाची सही चालेल याचे नियम वेगळे. पण नावापुढे ती उपाधी न लावता 'डिझाइनर' म्हणून कोणीही आराखडा करून देऊ शकतो. समोरचा माणूस कोण, त्याची पात्रता काय, परवान्यासाठी सही कोणाची आणि चुकले तर भरून देणार कोण, हे विचारण्याची जबाबदारी त्यामुळे मालकावरच येऊन पडली आहे.

सहीचा विषय निघालाच आहे, तर एक कटू गोष्ट बोलून टाकू. आराखडा एकाने करावा आणि दुसऱ्याने थोडक्या पैशांत त्यावर शिक्का उठवावा, हा प्रकार आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडी येथे बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. मातीखाली गाडले गेले ते बहुतेक पोटासाठी दूरवरून आलेले मजूर होते. जबाबदार कोण, हा प्रश्न त्या दिवशी साऱ्या गोव्याने विचारला. कोणत्याही करारनाम्याने फौजदारी दायित्व टळत नाही, टळूही नये. परंतु आराखडा कोणाचा, खांब-तुळयांचा हिशेब कोणाचा, कामावर नजर कोणाची, हे पहिल्या दिवशीच नावानिशी लिहिलेले असेल, तर शिक्का उठविणाऱ्याचा हात थोडा तरी थरथरेल. ग्राहक न्यायालयाचेही तसेच. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. वास्तुविशारदांना अशी मोकळीक मिळालेली नाही.

गोव्यापुरती आणखी एक गुंतागुंत आहे. आपल्या नागरी कायद्यानुसार विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामायिक होते, आणि वडिलोपार्जित घराला तर मुंबईपासून लिस्बन-लंडनपर्यंत पांगलेले वारस असतात. येथे राहणारा भाऊ उत्साहाने नूतनीकरणाचे काम देतो. नकाशे तयार होतात. मग परदेशातील बहीण आक्षेप घेते आणि काम बंद पडते. मेहनताना कोणाकडे मागावयाचा? करारावर सही करणाऱ्याला ती करण्याचा अधिकार आहे काय, इतर सहमालकांची लेखी संमती अथवा मुखत्यारपत्र आहे काय, हे पहिली रेष ओढण्यापूर्वीच तपासणे शहाणपणाचे.

राहता राहिला प्रश्न कलाकृतीचा. वास्तूच्या कलात्मक रूपावर १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने रचनाकाराचा हक्क मानला आहे, पण तो जेवढा वाटतो तेवढा भक्कम नाही. नक्कल करून बांधकाम एकदा सुरू झाले, तर ते थांबविण्याचा किंवा पाडण्याचा हुकूम मिळत नाही. भरपाई मागता येते. राज रेवाल यांनी रचलेले आणि १९७२ मध्ये उभे राहिलेले दिल्लीच्या प्रगती मैदानातील 'हॉल ऑफ नेशन्स' एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले. रेवाल न्यायालयात गेले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आपली इमारत पाडणाऱ्या मालकाला रचनाकार रोखू शकत नाही, असा निर्णय दिला. मालकाच्या बाजूने पाहता तो समजण्यासारखा आहे. पण पणजीच्या मांडवीकाठी चार्ल्स कुरैय्या यांनी रचलेली कला अकादमी ज्यांनी पाहिली आहे, ज्यांची नाटके तेथे उभी राहिली आहेत, त्यांना ही गोष्ट नुसती कायद्याची वाटणार नाही. कुरैय्या २०१५ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तेथील खुल्या नाट्यगृहाचा स्लॅब कोसळला. खाली कोणी नव्हते हे नशीब.

कायदा रचनाकाराला अर्ध्या वाटेवर सोडतो, तेथे करारच कामाला येतो. सरकारने यापुढे सार्वजनिक वास्तूंची कामे देताना, मोठ्या फेरबदलापूर्वी मूळ रचनाकाराचा अथवा त्याने नेमलेल्या संस्थेचा लेखी सल्ला घेतला जाईल, अशी अट करारातच घालावी. आणि सरकारनेच सेवेचे पैसे थकविण्याची सवयही सोडावी. लहान उद्योग म्हणून नोंदलेल्या व्यावसायिकाचे देणे पंचेचाळीस दिवसांपलीकडे लांबविता येत नाही, लांबविल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, असा २००६ चा कायदा आहे. तरुण वास्तुविशारदांपैकी अशी नोंदणी किती जणांनी करून ठेवली आहे, हे त्यांचे त्यांनी पाहावे.

सामान्य घरमालकासाठी मात्र दहा कलमी इंग्रजी दस्तऐवजाचा उपयोग नाही. राज्यातील वास्तुविशारदांच्या संघटनांनी चार वकिलांना बरोबर घेऊन दोन पानांचा नमुना करारनामा मराठीत व कोकणीत तयार करावा, आणि पंचायतींनी तो बांधकाम परवान्याच्या अर्जासोबत मोफत द्यावा. अर्जासोबत जमिनीचा उतारा लागतो, संरचनेच्या दायित्वाचा दाखला लागतो. त्याच फायलीत हा कागदही लागावा, असे पंचायत संचालनालयाने एका परिपत्रकाने ठरविले तर त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज पडू नये.