गस्तीवरचे कान

गस्तीहून परतलेला जवान दमलेला असतो. अहवाल लिहिताना निम्मे तपशील निसटतात. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ने ‘असिस्ट’ हा प्रकल्प हाती घेतला. अंगावर मायक्रोफोन, कॅमेरा, जीपीएस. जवानाने चालता चालता बोलायचे, यंत्रणेने आवाज, जागा आणि वेळ यांची सांगड घालायची. गरज खरी आहे. पण याच डार्पाने २००३ मध्ये माणसाचे अख्खे आयुष्य नोंदवू पाहणारा ‘लाइफलॉग’ मांडला होता. त्यावर टीकेची झोड उठली आणि २००४ च्या सुरुवातीला तो गुंडाळला गेला.

ध्वनिमुद्रण सत्यही बाहेर काढते, हे विसरून चालणार नाही. २०११ मध्ये हेल्मंडमध्ये एका ब्रिटिश मरीनने जखमी अफगाण बंडखोराला गोळी घातली. ते उघड झाले सहकाऱ्याच्या हेल्मेटवरील कॅमेऱ्यामुळे, आणि खटल्यात त्यातले संभाषण कळीचे ठरले. तीही चित्रफीत पोलिसांच्या हाती लागली ती योगायोगानेच, एका मरीनच्या लॅपटॉपवर!

मायक्रोफोन मात्र शत्रू आणि शेजारी असा भेद करत नाही. नाक्यावर थांबवलेला दुकानदार, दारात उभी राहून उत्तरे देणारी बाई, यांचा आवाजही साठतो. त्यांची परवानगी कोण घेतो? म्हणून हे मुद्रण लष्करी वरिष्ठांच्या मर्जीवर सोडू नये. ते कोणी ऐकायचे आणि कधी पुसायचे, हे कायद्यानेच ठरवावे, तेही उपकरण जवानाच्या अंगावर चढवण्याआधी.