विश्लेषण : परसातल्या कोंबड्या माना टाकू लागल्या की औषध कोणते द्यायचे? आणि त्यांची अंडी कधीपासून खायची?

सकाळी खुराडे उघडले तर दोन कोंबड्या मेलेल्या, तिसरी पिसे फुगवून कोपऱ्यात, विष्ठा हिरवट. अशा वेळी गावात सहसा एकच उपाय होतो. कोणीतरी कृषी सेवा केंद्रातून, नाहीतर थेट माणसांच्या मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणते आणि ती पाण्याच्या भांड्यात फोडली जाते. चार दिवसांनी उरलेल्या कोंबड्यांची अंडी नेहमीसारखी घरातल्या मुलांच्या ताटात आणि बाजारात जातात.

प्रश्न लहान वाटतो, पण पसारा मोठा आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी होते आणि त्यातले सुमारे ३१.७ कोटी परसातले. २०१२ च्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली. बंदिस्त पोल्ट्रीत कंपनीचा डॉक्टर येतो. दहा कोंबड्यांसाठी डॉक्टर कोण बोलावणार?

मानमोडीवर औषध आहे का?

नाही. परसातल्या कोंबड्या घाऊक मारणारा आजार म्हणजे राणीखेत, गावाकडची मानमोडी. उत्तराखंडमधल्या राणीखेत गावावरून त्याला भारतात हे नाव मिळाले. जगात तो न्यूकॅसल डिसीज म्हणून ओळखला जातो. हिरवी हगवण, चोच उघडून श्वास घेणे, पाय लुळे पडणे आणि मान पिळवटणे ही त्याची लक्षणे. लस न दिलेल्या कळपातले बहुतेक सगळे पक्षी यात जाऊ शकतात.

हा विषाणू आहे आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. त्यामुळे टेट्रासायक्लिन दिले काय अन् न दिले काय, मानमोडीच्या विषाणूला फरक पडत नाही. मग 'औषधाने चार वाचल्या' असे लोक का सांगतात? त्या चार बहुधा तशाही वाचल्या असत्या. फार तर विषाणूच्या पाठोपाठ येणारा जिवाणूंचा संसर्ग थोडा आटोक्यात येतो. मेलेल्या कोंबड्यांचा हिशेब मात्र कोणी औषधाच्या नावावर मांडत नाही.

मग औषध कुठे उपयोगी पडते?

काही आजारांत नक्की पडते, पण प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. पावसाळ्यात ओल्या खुराड्यातल्या लहान पिलांना रक्ताची हगवण लागते, ती बहुतेक वेळा कॉक्सिडिओसिसची. तो ना जिवाणू ना विषाणू, आतड्यात वाढणारा एकपेशीय परजीवी. त्यावर साधारणपणे अँप्रोलियम देतात. हे औषध ब जीवनसत्त्वातल्या थायमिनसारखे दिसून परजीवीला फसवते. म्हणूनच 'पिले अशक्त झाली' म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घातले की औषधाचा परिणाम मारला जातो. दुकानातून दोन्ही बाटल्या एकत्र आणणारे कमी नाहीत.

घशात खरखर, नाक गळणे, डोळ्याखाली सूज असे दीर्घकाळ चालणारे दुखणे अनेकदा मायकोप्लाझ्माचे असते. तिथे अँटिबायोटिक लागते, खरखर थांबते, पण जंतू कळपात राहू शकतो आणि थंडी पडली की पुन्हा डोके काढतो. जंतांसाठी पिपराझिनसारखी औषधे आहेत. देवीच्या फोडांवर मात्र पुन्हा लस हाच उपाय.

म्हणजे लक्षण 'हगवण' एकच, कारणे तीन-चार. विष्ठेची तपासणी किंवा शवविच्छेदन केल्याशिवाय ती वेगळी काढणे पशुवैद्यकालाही अवघड जाते, तिथे काउंटरमागच्या विक्रेत्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

डोस कुठे चुकतो?

इथे साधे गणित आहे. समजा पशुवैद्यकांनी किलोमागे १० मिलिग्रॅम औषध सांगितले. दीड किलोच्या दहा कोंबड्या म्हणजे १५ किलो वजन, म्हणजे दिवसाला १५० मिलिग्रॅम. बाटलीवर दहा टक्के लिहिले असेल तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे लागले फक्त दीड मिलिलिटर. घरचा चहाचा चमचा साधारण पाच मिलिलिटरचा. 'एक चमचा टाका' म्हटले की डोस तिपटीहून जास्त झाला.

उलट बाजूही आहे. आजारी कोंबडी पाणी कमी पिते, म्हणजे जिला औषध हवे तिलाच ते सर्वांत कमी मिळते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या मोरीचे, डबक्याचे पाणी पितात आणि औषधाचे भांडे तसेच राहते. शिवाय शिंपल्यांचा चुरा खाणाऱ्या कोंबडीच्या पोटात कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवते आणि ते रक्तात कमी पोहोचते. पाच-दहा पक्षी असतील तर सुईशिवायच्या सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब-थेंब औषध देणे जास्त भरवशाचे. घाईत पिचकारी मारली तर ते श्वासनलिकेत जाते आणि कोंबडी हातातच मरते.

अंडी किती दिवस खायची नाहीत?

खरे तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. २०१२ मध्ये औषध नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार खाद्यप्राण्यांच्या औषधावर किती दिवस थांबायचे ते छापणे बंधनकारक आहे. तो कालावधी ठरवून दिलेला नसेल, तर अंड्यांसाठी किमान सात आणि कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. हे दिवस औषधाचा शेवटचा डोस दिल्यापासून मोजतात, पहिल्यापासून नाही.

एवढे दिवस का? अंड्याचा बलक एका दिवसात तयार होत नाही. कोंबडीच्या पोटात एकाच वेळी लहान-मोठे बलक रांगेत वाढत असतात आणि एकेकाची झपाट्याने वाढ व्हायला दहाएक दिवस लागतात. आज दिलेले औषध पुढच्या आठवड्यातल्या अंड्यात उतरू शकते. उकडले म्हणून ते सगळे निघून जाते असेही नाही.

आता घरचा हिशेब. समजा रोज चार अंडी मिळतात, पाच दिवस औषध चालले आणि पुढचे सात दिवस थांबायचे. १२ दिवसांची ४८ अंडी गेली. अंडे १२ रुपयांना धरले तर ५७६ रुपये. हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातातला असतो. त्यातूनच वह्या आणि तेल-मीठ येते. नियम पाळा म्हणणे सोपे, भरपाई मात्र कोणी देत नाही. तरीही निदान घरातल्या पोरांना तरी ती अंडी देऊ नयेत.

सरकारने कशावर बंदी घातली आहे?

कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या फळीतले अँटिबायोटिक. ते निकामी करणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये जनावरांत आणि रुग्णांतही सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनची निर्मिती, विक्री आणि वितरण बंद केले. मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधेही खाद्यप्राण्यांसाठी बंद झाली. फ्युराझोलिडोन याच गटातले. जुनी पिवळी पूड घरात पडलेली असेल तर ती वापरू नये.

एन्रोफ्लॉक्सासिनचे उदाहरण बोलके आहे. कोंबडीच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, म्हणजे आपल्याला डॉक्टर लिहून देतात त्याच औषधात. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी त्याची परवानगी काढून घेतली. आपल्याकडे ते चिठ्ठीशिवाय सहज हातात पडते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातून कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले होते. ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले. तो माल अर्थातच मोठ्या पोल्ट्रीचा होता. प्रतिजैविक प्रतिरोधाचे खापर दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईवर फोडण्यात अर्थ नाही. पण 'गावरान म्हणजे निर्भेळ' हा शहरी ग्राहकाचा विश्वासही तपासून घ्यायला हवा.

एकदम बऱ्याच मेल्या तर?

तर औषधाचा विचारच सोडायचा. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात निश्चित झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तो निघाला. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. नमुने पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत आणि पुढे भोपाळला जातात. चीनमध्ये अमांटाडिन हे माणसांचे फ्लूचे औषध कोंबड्यांना दिले जात असल्याचे २००५ मध्ये उघड झाले होते. विषाणूला त्याची सवय झाली आणि औषध माणसांच्याही फारसे कामाचे राहिले नाही.

मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी कापून खाणे, स्वस्तात विकणे हा यातला खरा धोका आहे. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांच्या मुलीचा बर्ड फ्लूने मृत्यू झाला. तिने कच्चे मांस खाल्ल्याचे समोर आले होते. मर दिसताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. लपवण्याचे कारण भीती असते, 'सगळ्याच मारतील' ही. सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात. कळवण्याआधी मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे उशीर केला की नुकसान आपलेच.

लस स्वस्त आहे, मग का टोचत नाहीत?

कारण कुपी मोठी आहे. मानमोडीची लासोटा लस पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब द्यायची, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बीचे इंजेक्शन. पण कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात, ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी उरलेले नव्वद डोस फेकायचे कोणी? ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी आय-टू ही लस आफ्रिकेतल्या खेड्यांत याच अडचणीमुळे वापरात आली.

आपल्याकडे तूर्त चालणारा मार्ग म्हणजे अख्ख्या वाडीने एक दिवस ठरवणे. बचत गटातल्या बायकांनी, जिथे उमेदची पशुसखी आहे तिथे तिच्यामार्फत, पशुधन पर्यवेक्षकांशी आधी बोलून घ्यायचे, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची आणि सकाळी कोंबड्या सोडण्याआधीच घरोघर फिरायचे. त्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध दिलेले असावे आणि त्या दिवशी आजारी दिसणारी कोंबडी वगळावी.