दुखणाइताची साक्ष

ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण आपल्या लोकांच्या तोंडीं नित्य असते. परंतु जळणाराचें म्हणणें ऐकून घेण्याची वेळ आली म्हणजे याच म्हणीचा आपणां सर्वांस विसर पडतो. गेल्या आठवड्यांत आमच्या चांगल्या परिचयाचे एक किराणा व्यापारी कचेरींत आले होते. हातांत कागदांचें जाड बाड होतें. सात वर्षांत काढलेलीं क्ष-किरणांचीं चित्रें, रक्ततपासणीचे दाखले, सहा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, असें सर्व कांहीं त्यांत होतें. या गृहस्थांची कंबर सात वर्षें दुखत आहे. दुकानाच्या गादीवर अर्धा तासही त्यांना सलग बसवत नाहीं. कोणावर दावा लावावयाचा म्हणून सल्ला विचारण्यास ते आले असावेत असें आम्हांस प्रथम वाटलें. परंतु त्यांचा प्रश्न निराळाच होता. "वकीलसाहेब, कागदांत कांहीं निघत नाहीं असें सर्व म्हणतात. मग मी खोटें बोलतों असें समजावयाचें काय?" या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे, व वैद्यशास्त्राच्या पुस्तकांतही तें आतां आलें आहे, मात्र पुष्कळ दवाखान्यांचा उंबरठा ओलांडून तें अजून आंत गेलेलें नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हें दुखणें कोणत्या जातीचें तें पाहूं. बोट कापलें किंवा हाड मोडलें असतां होणारी वेदना पहारेकऱ्यासारखी असते. संकट आलें कीं ती हांक मारते, व जखम भरली कीं गप्प बसते. परंतु कित्येकांच्या बाबतींत जखम भरून गेली तरी पहारेकऱ्याची ओरड थांबत नाहीं. वेदनेची वर्दी वाहून नेणारी मज्जातंतूंची व मेंदूची यंत्रणाच अतिजागरूक होते, आणि साधा स्पर्श किंवा साधी हालचालसुद्धां तिला संकट वाटूं लागते. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल या दोन शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं, मज्जारज्जूंत जणूं एक दरवाजा आहे. तो वेदनेचे संदेश कधीं मोकळे सोडतो, कधीं अडवितो, आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचाही त्यावर अंमल चालतो. त्या सिद्धांताचे तपशील पुढें बदलले. पण जितकी इजा तितकीच वेदना, हें जुनें समीकरण तेव्हांपासून ढांसळलें. जागतिक आरोग्य संघटनेचें रोगांचें अकरावें वर्गीकरण २०२२ च्या जानेवारीपासून अमलांत आलें आहे. त्यांत तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनः पुनः उलटणाऱ्या वेदनेस स्वतंत्र स्थान दिलेलें असून, तिचा एक प्रकार तर स्वतःच रोग म्हणून मानलेला आहे. दुखणें हत्तीच्या पायानें येतें व मुंगीच्या पायानें जातें असें म्हणतात. हें दुखणें मुंगीच्या पायानेंही जावयास तयार नसतें.

चित्रांत कांहीं दिसत नाहीं, सबब दुखत नाहीं, हा तर्क शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. पाठ मुळींच दुखत नसलेल्या माणसांच्या कण्याचीं चित्रें तपासणाऱ्या अनेक शोधांचा एकत्र आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. मणक्यांमधील गादी झिजल्याचीं चिन्हें अशा माणसांपैकीं विशींतल्या शेंकडा ३७ जणांत, आणि ऐंशी वर्षांच्या शेंकडा ९६ जणांत असतात, असें त्यांत आढळलें. चित्रांत दोष असून वेदना नाहीं, आणि वेदना असून चित्रांत दोष नाहीं, असे दोन्ही प्रकार नित्याचे आहेत. चित्र गांठ दाखवील, मोड दाखवील, कर्करोगासारखा मोठा शत्रु लपला असल्यास तोही दाखवील, आणि तेवढ्यासाठीं तें काढणें योग्यच आहे. पण वेदना त्याला दिसत नाहीं. ती प्रत्यक्ष जाणणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे स्वतः दुखणाईत.

या एकट्या साक्षीदाराचें काय करावयाचें, हा प्रश्न कायद्यानें फार पूर्वीं सोडविला आहे. १८७२ च्या साक्षीच्या कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणें, शरीराची स्थिति किंवा शारीरिक संवेदना हा जेथें वादाचा मुद्दा असेल, तेथें ती दाखविणाऱ्या गोष्टी पुराव्यांत येऊं शकत होत्या. विषप्रयोगानें मेल्याचा संशय असलेल्या माणसानें आजारपणांत आपल्या लक्षणांविषयीं काढलेले उद्गार, हें त्याचें एक उदाहरणच कायद्यांत दिलेलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, पण हें तत्त्व कायम राहिलें. जे शब्द न्यायाधीशानें विचारांत घ्यावयाचे, ते डॉक्टरानें कां घेऊं नयेत? साक्षीदाराचा शब्द डोळे मिटून खरा माना असें कायदाही म्हणत नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, आधीं सरतपासणी, मग उलटतपासणी, आणि सर्वांच्या शेवटीं निकाल. दवाखान्यांत मात्र सरतपासणीपूर्वींच उलटतपासणी सुरू होते, व पुष्कळदां दोहोंच्याही आधीं निकाल लागतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें वेदनेची आपली १९७९ ची व्याख्या २०२० सालीं सुधारली, तेव्हां तिच्याखालीं स्पष्ट टीप जोडली कीं, आपणांस वेदना होते असें मनुष्य सांगतो तेव्हां त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. कायदा आणि वैद्यक हे दोघेही येथें एकाच जागीं येऊन पोंचले आहेत.

वेदनेची उपेक्षा कोणत्या थरास जाऊं शकते याचें एक उदाहरण आमच्याच प्रांतांतलें आहे. १९५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत समुद्रकांठीं एका तरुणाचें मांडीचें हाड मोडलें. त्यास पुण्यास आणल्यावर योग्य ती भूल न देतां, जोर लावून हाड बसविण्यांत आलें, आणि तो दगावला. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें डॉक्टरावरील हयगयीचा ठपका कायम केला. पंधरा वर्षांनीं कां होईना, त्या तरुणाच्या बापास दाद मिळाली. परंतु जो मरत नाहीं, नुसता कण्हत राहतो, त्याची दाद कोणत्या कोर्टांत लागावयाची? त्याचें कोर्ट म्हणजे डॉक्टराची खोलीच होय.

यावर डॉक्टरमंडळी म्हणतील, ऐकावयास आम्हांस वेळ कोठें आहे? हा आक्षेप खोटा नाहीं. २०१७ सालीं ६७ देशांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या पाहणींत स्वीडन देशांत डॉक्टर एका रोग्यास सरासरी साडेबावीस मिनिटें देतो, तर आपल्या देशांत सुमारें दोनच मिनिटें मिळतात, असें दिसून आलें. सरकारी रुग्णालयाच्या दारांतील रांग ज्यानें पाहिली आहे, तो यांत सर्व दोष डॉक्टराच्या माथीं मारणार नाहीं. जागा रिकाम्या ठेवणारें सरकारही तितकेंच दोषी आहे. पण ऐकावयास वेळ लागतो तरी किती? १९८४ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका तपासणींत असें आढळलें कीं, रोगी बोलूं लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येंच तोडतो. पुढें स्वित्झर्लंडांत बाझल येथें डॉक्टरांस सांगण्यांत आलें कीं, रोगी आपण होऊन थांबेपर्यंत बोलूं नका. ३३५ रोग्यांची ही नोंद २००२ सालीं प्रसिद्ध झाली. रोगी सरासरी किती बोलले? ९२ सेकंद. पांच मिनिटांहून अधिक बोलणारे अवघे सात निघाले. हे स्वित्झर्लंडांतले आंकडे आहेत, आमची रांग लांब आहे, हें कबूल. तरी न ऐकतां लिहून दिलेली तपासणी, तिच्यासाठीं मोडलेला दिवस, आणि पुनः त्याच दारांत घातलेली फेरी, यांचा हिशेब मांडला तर दीड मिनिट ऐकणें हाच स्वस्त सौदा होय. हें आमच्या व्यापारी वाचकांस निराळें सांगावयास नको.

आणि ऐकलें जात नाहीं तें कोणाचें, हेंही पाहिलें पाहिजे. ज्याच्या अंगावर कोट आहे व तोंडांत इंग्रजी आहे, त्याचें थोडें तरी ऐकतात. स्त्रियांचें काय? गर्भाशयाच्या अस्तरासारखें अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिऑसिस नांवाचा विकार प्रसूतियोग्य वयाच्या शेंकडा सुमारें १० स्त्रियांस असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण त्याचें निदान होण्यास कित्येकदां वर्षेंच्या वर्षें लोटतात. कां? तर दर महिन्यास बाईनें कळवळावें हें आम्ही रीतीचेंच समजतों. मुलगी कण्हूं लागली तर आई म्हणते, आम्हीं नाहीं का सोसलें? सून अंथरुणास लागली तर घर म्हणतें, सोंग आहे. आणि डॉक्टराकडे नेलेंच, तर तिच्या वतीनें नवरा बोलतो. साक्षीदार एक आणि जबानी दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे. तीच गोष्ट विदर्भांतील व नंदुरबारकडील सिकलसेलच्या रोग्यांची. या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, व हाडें फुटतील अशी वेदना एकाएकीं उठते. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ सालीं सुरू झाली, हें चांगलें झालें. पण रात्रीं-अपरात्रीं रुग्णालयांत आलेल्या आदिवासी तरुणाकडे, याला औषधाची चटक तर लागली नाहीं ना, अशा नजरेनें कोणी पाहूं लागला, तर मोहिमेचे कागद त्याच्या काय कामाचे?

औषधांच्या बाबतींतही आमचें वर्तन चमत्कारिक आहे. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश या प्रांतांत सरकारी परवान्यानें अफू पिकते, व तिच्यापासूनच मॉर्फिन निघतें. असें असून १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांचें असें जंगल माजलें कीं, कर्करोगानें तळमळणाऱ्या आमच्याच माणसांस तें मिळेनासें झालें. शेतांत पीक आमचें, आणि कण्हणेंही आमचेंच! २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन अत्यावश्यक औषधांपुरते नियम सर्व देशांत एकसारखे झाले. पण भय अजून गेलें नाहीं. उलट अमेरिकेंत १९९० नंतरच्या काळांत अशा औषधांची खैरात झाली, आणि तींतून उठलेल्या व्यसनाच्या सांथींत लक्षावधि बळी गेले. याचा अर्थ एवढाच कीं, मरणोन्मुख माणसाच्या यातनेवर जें अमृत, तें वर्षानुवर्षें दुखणाऱ्या कंबरेवर विष ठरूं शकतें. कोणाला काय द्यावें हें ठरविण्यासाठींही आधीं ऐकावेंच लागतें. हें आमच्या देशांत अशक्य नाहीं. मुंबईंत वांद्रें येथें १९८६ सालीं शांति अवेदना सदन निघालें. कालिकत येथें १९९३ सालीं डॉ. राजगोपाल प्रभृतींनीं वेदनाशमनाचा दवाखाना काढला, आणि शेजारपाजारच्या साध्या माणसांस शिकवून रोग्यांच्या घरोघर जाण्याची जी रीत पाडली, तिच्या पायावर केरळ सरकारनें २००८ सालीं आपलें धोरण आंखलें.

मग करावें काय? सरकारनें जिल्ह्याच्या प्रत्येक रुग्णालयांत वेदनेच्या रोग्यांसाठीं आठवड्याचा एक दिवस व एक शिकलेला डॉक्टर राखून ठेवावा. वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमांत २०१९ पासून वर्तन, नीति व संभाषण हा भाग आवश्यक झाला आहे. तो केवळ हजेरीपुरता राहूं देऊं नये. डॉक्टरांनीं 'तुम्हांस कांहीं झालें नाहीं' हें वाक्य टाकून 'तुम्हांस दुखतें हें खरें. भिण्याजोगा रोग मला सांपडला नाहीं. आतां हें कमी कसें करावयाचें तें पाहूं' असें म्हणण्याची संवय करावी. या वाक्यास पैसा पडत नाहीं.

दुखणाइतांनींही आपली साक्ष नीट तयार करावी. दुखतें केव्हांपासून, कोठें, कशानें वाढतें, आणि मुख्य म्हणजे त्यापायीं कोणतें काम होत नाहीं, हें एका कागदावर लिहून न्यावें. घेतलेल्या औषधांचीं नांवें खालीं मांडावीं. सोबत घरचें एक माणूस असावें, पण बोलावें आपण. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें मागणी केल्यापासून ७२ तासांत आपले कागद मिळण्याचा रोग्यास हक्क आहे, तो बजावावा. औषधवाल्याकडून परस्पर वेदनेच्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणें सोडावें. त्या पोटांत व्रण करतात व मूत्रपिंडास धोका पोंचवितात. चिवट वेदना समूळ जाईलच असें वचन देणारापासून दूर राहावें. बेताबेतानें वाढविलेला व्यायाम, झोंपेची शिस्त, मनास दिलेला आधार, व निवडक औषधें, यांच्या योगानें वेदना पुष्कळांच्या आटोक्यांत येते व हातून कामें होऊं लागतात. आणि वेदना शून्यावर न येतांही संसार व धंदा चालूं शकतो, हें लहान यश नव्हे. आमच्या व्यापारी बंधूंस आणखी एक विनंति आहे. पेढीवरील मुनीम पाठ दुखते म्हणाला तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं तासातासानें उठूं द्यावें, व बसावयास टेकण्याची खुर्ची द्यावी.

आमच्या त्या स्नेह्यांस आम्हीं सांगितलें कीं, आपण खोटें बोलत नाहीं. आपलें बाड येथें ठेवा आणि पहिल्यापासून सांगा. त्यांस पुरीं चार मिनिटेंही लागलीं नाहींत. कंबर होती तशीच दुखत होती, पण जातांना ते म्हणाले, सात वर्षांत हें सर्व एका दमांत आजच बोलतां आलें. आम्हांस औषधांतलें कांहीं कळत नाहीं. जें एका वकिलास औषध ठाऊक नसतां जमतें, तें औषध ठाऊक असलेल्यांनीं केलें तर केवढें काम होईल, याचा विचार डॉक्टरांनींच करावा.